गावाभोवतीची गोल वाट, नांगरलेलं शेत आणि ‘आमच्या नोंदीत वाट खुली आहे’

तुमची पोस्ट वाचली. ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत दोन मुलांना घेऊन एका छोट्या गावाभोवतीची सात मैलांची सर्क्युलर वॉक ॲपवर बघून निवडलीत. पाचएक मैल झाल्यावर वाट नांगरलेल्या शेतात नाहीशी झाली, शेत कसंबसं ओलांडलं तर पलीकडे रानाच्या कडेला नवंकोरं तारेचं कुंपण. शेवटी अंधारात गाडीरस्त्याने परत. काउन्सिलला कळवलंत तर उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीनुसार ही वाट खुली आहे.’ त्या उत्तरासाठीच हे लिहितोय. बूट, रेनकोट, पाणी हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही. आणि मी वकील नाही. खालचं सगळं इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंडचा कायदा अगदी वेगळा आहे.

आधी शेत. सार्वजनिक पायवाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून तिची रेष दिसेल अशी ठेवावी लागते. त्यानंतर पेरणीसाठी वगैरे पुन्हा जमीन हलवली तर २४ तासांत. रुंदी कमीत कमी १ मीटर, घोडेवाट म्हणजे ब्रायडलवे असेल तर २. वाट बांधाच्या कडेने जात असेल तर मात्र ती नांगरायचीच नसते, तिथे पायवाटेला किमान दीड मीटर सोडावा लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिवाळी गव्हाची पेरणी असते, त्यामुळे तुम्ही गेलात त्याच्या चार दिवस आधी नांगर फिरला असेल तर शेतकऱ्याचं काहीच चुकलेलं नाही. म्हणून तक्रारीत ‘नांगरलेलं होतं’ एवढंच लिहून भागत नाही. ढेकळं ताजी होती, की कोंब वर आले होते? कोंब बोटभर वर आलेत आणि वाटेची रेष दिसत नाही, म्हणजे मुदत टळून गेलेली असण्याची शक्यता खूप. तसा फोटो काढा, जमिनीजवळून.

अशा शेतात वाट शोधताना पायाखाली बघू नका, पलीकडे बघा. समोरच्या झुडपांच्या कुंपणात एक फट, फाटक, स्टाइलची (कुंपण ओलांडायच्या पायरीची) आडवी फळी किंवा खुणेचा खांब असतोच. नकाशावरची रेष त्याच्याशी जुळवा आणि सरळ चाला. कडेकडेने वळसा घालणं पुष्कळांना सभ्यपणाचं वाटतं, पण तुमचा हक्क त्या रेषेवर आहे, बांधावर नाही. शिवाय लोक रेषेवरून चालले की दोन आठवड्यांत वाट आपोआप उमटते. ओली चिकणमाती बुटांना थापून येत असेल आणि मुलं रडकुंडीला आली असतील तर बांध धरा, त्यात कोणी वावगं मानणार नाही.

आता कुंपण. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, आणि तोही शेतकऱ्यामुळे नव्हे, कचेरीमुळे. कुठली काउंटी ते लिहीत नाही, पण एका काउन्सिलच्या राइट्स ऑफ वे (सार्वजनिक वाटांच्या) कचेरीचा नमुना सांगतो. नकाशावर हिरवी तुटक रेष, रस्त्यावर ‘पब्लिक फुटपाथ’चा फिंगरपोस्ट (दिशादर्शक खांब), खांबावर पिवळा बाण, आणि बाणाच्या पुढे तार. पहिल्या तक्रारीला उत्तर, ‘वाट खुली आहे.’ दुसऱ्या तक्रारीला, ‘ठिकाण पुरेसं स्पष्ट नाही.’ ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या नेमक्या जागेचे आकडे) आणि फोटो पाठवल्यावर तक्रारीपुढे ‘निकाली’ असा शेरा, तार जिथल्या तिथे. असा सगळा हिवाळा गेला. शेवटी वेळ मागून कचेरीत डेफिनिटिव्ह मॅप (वाटांचा कायदेशीर नकाशा) बघितला, तेव्हा उलगडा झाला. ती वाट काही वर्षांपूर्वी रीतसर डायव्हर्जन ऑर्डरने कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला हलवलेली होती. ‘खुली आहे’ हे नव्या रेषेबद्दल खरं होतं, ‘बंद आहे’ हे जुन्या रेषेबद्दल खरं होतं. पण खांब आणि बाण हलवायचे राहिले होते, छापील नकाशा जुना होता, आणि उत्तर देणाऱ्या एकानेही ‘रेष बदलली आहे’ हे तीन शब्द लिहिले नाहीत. दोनशे मीटर अलीकडे एक नवं फाटक होतं, त्यातून गेलं की वाट सुरळीत. तेवढ्यासाठी कित्येक लोक गाडीरस्त्याने परत गेले असतील. याचा मला अजूनही राग येतो, कारण हे उत्तर द्यायला कोणाला शेतात जायची गरज नव्हती, टेबलावरची फाइल उघडायची होती.

म्हणून कुंपण नवं आणि नीटनेटकं असेल, तर तक्रारीच्या आधी हा प्रश्न विचारा (पॅरिश म्हणजे गावपातळीचा विभाग, एक्स्टिंग्विशमेंट म्हणजे वाट कायमची रद्द करणं): ‘या पॅरिशमधल्या अमुक क्रमांकाच्या पायवाटेवर आजवर डायव्हर्जन किंवा एक्स्टिंग्विशमेंट ऑर्डर झाली आहे का? असल्यास ऑर्डरची आणि तिच्या नकाशाची प्रत पाठवा.’ याला ‘खुली आहे’ हे उत्तर होऊच शकत नाही. काउन्सिलच्या वेबसाइटवर वाटांचा जो नकाशा असतो ती बहुतेक ठिकाणी कामापुरती प्रत असते. कायद्याने पुरावा म्हणून चालतो तो डेफिनिटिव्ह मॅप आणि त्याच्यासोबतचं लेखी स्टेटमेंट. ते कोणालाही फुकट बघता येतं. स्टेटमेंटमध्ये कधीकधी वाटेची रुंदी आणि फाटकं-स्टाइल कुठे आहेत हेही लिहिलेलं असतं, ते जरूर वाचा.

तात्पुरत्या बंदीची सूचना वेगळी. ती प्लास्टिकच्या पाकिटात वाटेच्या दोन्ही टोकांना अडकवलेली असते, पायवाटेसाठी साधारण सहा महिन्यांपर्यंत चालते आणि वाढवताही येते. तारीख वाचा, मुदत संपलेले कागद लोंबकळत राहतात.

ऑर्डर वगैरे काही नाही आणि तार खरोखरच वाटेवर आहे असं निघालं, तर तक्रार कोणाकडे करायची तेही बघा. पॅरिश काउन्सिलवर ही जबाबदारी नसते, पण तिथे बऱ्याचदा वाटांकडे लक्ष ठेवणारं कोणीतरी असतं आणि ते गावातल्या शेतकऱ्याला ओळखतात. कित्येकदा एका फोनवर काम होतं. कायदेशीर जबाबदारी मात्र हायवे ऑथॉरिटीची, म्हणजे काउंटी काउन्सिल किंवा युनिटरी (सगळी कामं बघणारी एकच काउन्सिल) असेल तर तीच. जिथे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशा दोन पायऱ्या आहेत तिथे डिस्ट्रिक्टला, म्हणजे कचरा उचलणाऱ्यांना, लिहिलेला ईमेल आठवडाभर तसाच पडून राहतो.

तक्रारीत पॅरिशचं नाव, वाटेचा क्रमांक, आठ किंवा दहा आकडी ग्रिड रेफरन्स (दोन अक्षरांसकट), तारीख, आणि दोन फोटो: एक अडथळ्याचा जवळून, एक लांबून, ज्यात ओळखता येईल असं झाड, खांब किंवा घर आहे. तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे होतात ते लिहा. ‘रानाजवळ’ असं लिहू नका. महिने उलटूनही हालचाल नसेल तर हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम १३०ए खाली ठरावीक नमुन्यात नोटीस देता येते. काउन्सिलला महिनाभरात काय करणार ते कळवावं लागतं, आणि दोन महिन्यांनंतरही अडथळा तसाच असेल तर मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता येतं. इतकं ताणायची वेळ क्वचित येते. नोटिशीचा उल्लेख केला तरी पत्रव्यवहाराचा सूर बदलतो. तार स्वतः कापायच्या फंदात पडू नका. वाटसरूला पुढे जाण्यापुरता अडथळा बाजूला करायचा हक्क आहे हे खरं, पण मुलांसमोर शेतमालकाशी तो वाद घालण्यात अर्थ नाही.

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. गोल वाटेत एक दुवा तुटला की अख्खं वर्तुळ तुटतं, आणि सगळे लोक शंकेचा दुवा शेवटी ठेवतात. उलटं करा. नांगरट, ओढा, नवं कुंपण, जिथे कुठे शंका आहे तो तुकडा पहिल्या तासात येईल अशा दिशेने फेरी सुरू करा. तिथे अडलात तर गाव मैलभर मागे आहे आणि दुपार हातात आहे. ॲपवरची फेरी दुसऱ्याने कुठून कुठल्या दिशेने केली याला काही महत्त्व नाही. ॲपवरच्या पुष्कळ रेषा या कोणीतरी चालून नोंदवलेल्या खुणा असतात, त्या माणसाला तिथून जायचा हक्क होता की नाही हे रेषेला माहीत नसतं. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर, १:२५,००० हाच नकाशा घ्या, कारण त्यात शेतांचे बांध दिसतात. १:५०,००० च्या लँडरेंजरवर ते नसतात आणि छोट्या शेतांत माणूस हमखास चुकतो. एक्सप्लोररवर छोट्या हिरव्या तुटक रेषा पायवाट, लांब हिरव्या रेषा ब्रायडलवे. काळी तुटक रेष म्हणजे जमिनीवर वाट आहे एवढंच, हक्क आहे असं नाही. नारिंगी तुटक म्हणजे मालकाच्या परवानगीने, तो ती काढूनही घेऊ शकतो. ही रेष तुमच्या वर्तुळाचा एकमेव दुवा असू देऊ नका.

रेडिंग, स्लाउकडच्या मंडळींना मुलांबरोबर सुरुवात करायला बकिंगहॅमशायरमधलं टर्व्हिल चांगलं. टर्व्हिल, फिंगेस्ट आणि स्किर्मेट ही तीन छोटी गावं एकमेकांपासून एक-दीड किलोमीटरवर, त्रिकोणासारखी, एक्सप्लोरर १७१ वर. त्रिकोणाचा फायदा असा की कुठल्याही बाजूला अडलात तरी पुढचं गाव जवळ असतं, आणि दम असेल तर प्रत्येक बाजूला रानातून फुगवून फेरी वाढवता येते. टर्व्हिलच्या डोक्यावर टेकडीवर कॉबस्टोनची पवनचक्की दिसते, ती खासगी आहे, बाहेरूनच बघायची. तो चढ खडूच्या दगडाचा. पावसानंतर साबणासारखा निसरडा, म्हणून त्या बाजूने चढा, उतरू नका. फिंगेस्टच्या चर्चचा नॉर्मन मनोरा आणि त्याचं दुहेरी त्रिकोणी छप्पर लांबून खूण म्हणून उपयोगी पडतं. बीच झाडांच्या रानात शरद ऋतूत पानांखाली वाट दिसतच नाही. तिथे जमिनीकडे नाही, झाडांकडे बघा, चिल्टर्न सोसायटी या इथल्या टेकड्यांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी बुंध्यांवर पांढरे बाण रंगवलेले असतात. खोऱ्यातला हॅम्बल ब्रुक हा ओढा वर्षातला बराच काळ कोरडा असतो आणि हिवाळ्याच्या शेवटी भूजल चढल्यावर वाहू लागतो, त्यामुळे सप्टेंबरात कोरडी असलेली वाट मार्चमध्ये पाण्यात असू शकते, पाऊस नसला तरीही. वर घिरट्या घालणारे लाल काईट पक्षी १९८९ ते १९९४ मध्ये स्पेनहून आणून इथे सोडलेल्यांचे वंशज. मुलांना सांगा, चढ जरा सोपा जातो.

वेळेचा हिशोब: ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास हा नेस्मिथचा नियम कोरड्या वाटेवरच्या मोठ्या माणसांचा. चिखल, मुलं आणि स्टाइल असतील तर ताशी अडीच-तीन धरा. चौघांना एक स्टाइल ओलांडायला दोन-तीन मिनिटं जातात आणि छोट्या शेतांच्या भागात त्या दहा-बारा सहज येतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि अचानक पावणेपाचला सूर्य मावळतो. डिसेंबरात चारच्या आत. तुमची सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. त्या दिवशी दुपारी बारानंतर निघाला असाल तर वाट मोकळी असती तरी उजेड जेमतेमच पुरला असता.

गाडीरस्त्यावर यावंच लागलं तर पदपथ नसलेल्या ठिकाणी उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागे एक चाला. मात्र उजवीकडे तीव्र वळण येत असेल तर आधीच पलीकडे जा, कारण वळणाच्या आतल्या बाजूला ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. या अरुंद रस्त्यांवर पाटी नसेल तर कायद्याने वेग ६० मैलांपर्यंत जाऊ शकतो. मुलांच्या दप्तराला लावायचे चकाकणारे पट्टे पिशवीच्या तळाशी कायम ठेवा.

गायींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एकट्या वळूपेक्षा वासरं बरोबर असलेल्या गायींची भीती जास्त. डेअरी जातीचा १० महिन्यांवरचा वळू पायवाटेच्या शेतात ठेवायला बंदी आहे; मांसासाठीच्या जातीचा वळू गायींसोबत असेल तर चालतो, आणि तो बहुधा शांत असतो. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला, त्यासाठी वाट सोडली तरी चालेल. कुत्रा बरोबर असेल आणि गायी अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्या, तो पळून सुटतो.

पबवर जेवायचं ठरवून जात असाल तर सकाळी फोन करा. गावातल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत दोन-अडीचला ऑर्डर बंद होतात, सोमवारी काही पब उघडतच नाहीत. पोळीचे रोल आणि थर्मास बरोबर असू द्या, पण ते वाटेवर खा, पबच्या बागेत नाही. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड बघा. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून हळू सरळ वर ओढायची, पिळायची नाही.

तुमच्या त्या कुंपणाचा ग्रिड रेफरन्स आणि पॅरिशचं नाव इथे टाका. वाटेचा क्रमांक काउन्सिलच्या नकाशावर रेषेवर टिचकी मारली की दिसतो. तेवढं मिळालं की ऑर्डरबद्दलच्या पत्राचा मजकूर मी इथेच लिहून देतो.