कॅरॅव्हॅनमधला फ्रिज दुरुस्त करावा की बदलावा?

लातूरला आणलेल्या जुन्या कॅरॅव्हॅन ट्रेलरमधील गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज विजेवर मुळीच गार होत नाही, आणि मेकॅनिक ‘गॅस भरून देतो, नाहीतर नवा घ्या’ असे म्हणतो, असे आपण लिहिले आहे. यांपैकी एकही गोष्ट तूर्त मान्य करू नये.

या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कारखान्यातच पोलादी नळ्यांत दाबाखाली कायमचे बंद केलेले असतात, आणि ज्योतीने किंवा विजेवर तापणाऱ्या एलिमेंटने एका टोकाला उष्णता दिली की ते चक्र चालू होते. १९२२ साली प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधलेली ही रचना आजही मुळात तीच आहे. त्यामुळे आपल्या गावाकडच्या सवयीप्रमाणे थंडाव्याचा गॅस भरणे येथे शक्यच नाही, आणि त्या नळ्यांना टाका मारण्याचा प्रयत्न तर कोणालाही करू देऊ नये.

आधी ट्रेलर नीट समपातळीत उभा करून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, रिकामा फ्रिज रात्रभर गॅसवर चालवावा. तो गार झाला, तर बंद नळ्यांचा संच शाबूत आहे आणि दोष एलिमेंट, फ्यूज, वायरिंग किंवा थर्मोस्टॅटमध्ये आहे. वीज पूर्ण तोडून मल्टिमीटर लावल्यास २३० व्होल्टच्या, १२५ वॉटच्या एलिमेंटचा रोध सुमारे ४२० ओहम दिसायला हवा. बर्नर पेटतच नसेल, तर धुराड्यातली काजळी, कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर आणि जेट (बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तोंड) तपासावे. जेटमध्ये तार मात्र घालू नये, कारण छिद्र मोठे होऊन ज्योत बिघडते. अशा किरकोळ दोषांसाठी फ्रिज बदलणे मला पटत नाही.

मात्र मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा उग्र दर्प आला, तर चाचणी करूच नये. फ्रिज लगेच बंद करावा, जवळ ज्योत नेऊ नये आणि ती भुकटी उघड्या हाताने पुसू नये, कारण ती गंज रोखण्यासाठी घातलेली विषारी सोडियम क्रोमेट असते. भुकटी नसतानाही उतारावर दीर्घकाळ चालवल्याने नळी आतून चोंदलेली असू शकते. तेव्हा उष्णता मिळूनही थंडावा येत नाही. फ्रिज उलटा करून ठेवण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण त्यावर प्रवासाचा भरवसा ठेवता येत नाही.

संच गेलाच असेल, तर मी आपल्या भागासाठी त्याच प्रकारचा नवा फ्रिज सुचवणार नाही. आतल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एसएन व एन हे ३२, एसटी ३८ आणि टी ४३ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतात. एप्रिल-मे महिन्यांत लातूर, परभणी, नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि ट्रेलरच्या उन्हातल्या बाजूला, फ्रिजमागच्या कोंदट जागेत तर त्याहून जास्त उष्णता साठते. (जुना दुरुस्त होणार असेल, तरी खालची-वरची जाळी मोकळी करून तेथे १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवावाच.) १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ही उष्णता अधिक चांगली सोसतो, थोड्या उतारावरही चालतो आणि बॅटरीही कमी ओढतो, जुना प्रकार १२ व्होल्टवर सतत दहा अँपिअरहून अधिक घेतो, तर हा मोटर चालू असतानाच साधारण चार-पाच. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल असल्यास आपल्याकडच्या उन्हात तो निर्धास्त चालतो. वीज आणि ऊन दोन्ही नसलेल्या जागी अनेक दिवस मुक्काम करायचा असेल, तरच गॅसवरच्या फ्रिजचा विचार करावा.

नवा घेण्यापूर्वी कप्प्याची रुंदी, उंची आणि खोली स्वतः मोजावी, आणि जुन्या फ्रिजची गॅसची नळी जाणकाराकडून कायमची बंद करून साबणाच्या पाण्याने गळती तपासून घ्यावी.