दहा हजारांचं जेट आणि शेड्यूल बी

पत्र टेक्सासमधल्या प्लेनोहून आलंय. वाचक ४१ वर्षांचे, मूळचे नाशिकचे, २०१६ पासून अमेरिकेत. नवरा-बायको दोघांची नोकरी, दोन मुलं, घराचं ३ लाख ४० हजार डॉलर कर्ज बाकी, महिन्याला साधारण २ हजार डॉलर शिल्लक. चार वर्षं रिमोटवरची, ९० मिलिमीटर पंख्याची इलेक्ट्रिक मॉडेल जेट उडवतात, आता खरं टर्बाइन (इंधनावर चालणारं छोटं जेट इंजिन) हवंय. त्यांचा खर्चाचा अंदाज ९ हजार डॉलर, "दोन वर्षांनी विकलं तर ८० टक्के परत". विचारलंय ते एवढंच: टर्बाइन नवं घ्यावं की वापरलेलं, आणि पैशासाठी भारतातल्या फंडांतून ९ लाख काढावेत का, कारण "तिकडे साडेबारा टक्केच कर लागतो".

जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय: भारतात सात म्युच्युअल फंडांत ६३ लाख (गुंतवलेले २८), जुन्या बचत खात्यावर १८ लाखांची एफडी, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकला गेले असताना बँकेच्या मॅनेजरने गळ्यात घातलेली 'गॅरंटीड' पॉलिसी. पुढचं वाक्य जसंच्या तसं देतो: "यातलं इथल्या रिटर्नमध्ये काही दाखवत नाही, भारतात कर कापलेला असतो. सॉफ्टवेअर परदेशी खात्याचं विचारतं तिथे 'नाही' करतो."

जेटकडे नंतर येऊ. आधी हा 'नाही'.

ती टिक शेड्यूल बी या अमेरिकी आयकर रिटर्नच्या जोडपत्राच्या तिसऱ्या भागात जाते. तिथे कर मागितलेला नाही, फक्त विचारलंय की परदेशात तुमचं खातं आहे का. त्याखाली तुमची सही असते, खोटं लिहिलं नसल्याच्या प्रतिज्ञेसह. शिवाय परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तरी एफबार नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. डॉलरला ९० रुपये धरले तर तुमचे फंड ७० हजार डॉलर, एफडी २० हजार. मर्यादेच्या नऊपट.

गंमत म्हणजे कर फारसा बुडालेलाच नाही. एफडीचं वर्षाचं व्याज सव्वा लाख, म्हणजे १,४०० डॉलर. २४ टक्क्यांनी ३४० डॉलर कर, आणि भारतात भरलेल्याची वजावट घेतली तर त्याहून कमी. एवढ्यासाठी जो दंड ओढवून घेतलाय तो मात्र नजरचुकीसाठीसुद्धा एका वर्षाच्या फॉर्मला १० हजार डॉलरपर्यंत जातो (महागाईनुसार वाढत तो आकडा आता १६ हजारांवर गेलाय). जाणूनबुजून केलं असं ठरलं तर खात्यातल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत किंवा लाख डॉलरच्या पुढे, यातलं जे जास्त ते.

बाहेर पडायला वाट आहे. चूक जाणूनबुजून नव्हती असं लिहून देता आलं, तर अमेरिकी कर खात्याच्या स्ट्रीमलाइन्ड प्रक्रियेत तीन वर्षांची सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार आणि सर्वांत मोठ्या वर्षअखेर शिलकीवर ५ टक्के दंड. तुमच्या बाबतीत ९० हजारांवर ४,५०० डॉलर. प्रत्येक फंडाचा दरवर्षी एक फॉर्म ८६२१, म्हणजे सात फंडांचे तीन वर्षांचे २१ फॉर्म. फी धरून सगळं मिळून १० हजारांच्या आसपास जाईल. विमानाचे पैसे कुठे जाणार ते कळलंच असेल.

पण तुम्ही दरवर्षी 'नाही' टिक केलंय. हे 'नजरचुकीनं' मध्ये बसतं का, हे सीएला विचारू नका. आधी कर-वकील गाठा. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, सीएशी झालेल्या बोलण्याला तसं संरक्षण मिळेलच असं नाही. गुपचूप जुनी रिटर्न दुरुस्त करून पाठवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा. आणि पुढच्या रिटर्नमध्ये पुन्हा 'नाही' केलंत तर ती नजरचूक राहणार नाही, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

आता ते साडेबारा टक्के. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) ठरतो, आणि त्याच्या नफ्याला तिथला सवलतीचा दर लागत नाही. नफा सगळ्या वर्षांत वाटला जातो, मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्यावर त्या वर्षाचा सर्वांत वरचा दर, म्हणजे ३७ टक्के किंवा त्याहून थोडा जास्त, आणि वर व्याज. ९ लाख काढलेत तर त्यात नफा ५ लाख, म्हणजे साडेपाच हजार डॉलर. कर दोन हजार, व्याज पाच-सहाशे. १० हजारांचं जेट घ्यायला एक अख्खं टर्बाइन करात घालवायचं. फंडांना हात लावू नका. ठेवायचे की विकायचे ते वकील आणि सीए मिळून ठरवतील. एसआयपी मात्र याच महिन्यात बंद करा, आणि जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या. ते २०१६ मध्येच व्हायला हवं होतं.

पॉलिसीवर लिहायचं म्हणजे माझा रक्तदाब वाढतो. वर्षाला २ लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी ४५ लाख. "पैसे सव्वादोनपट आणि टॅक्स फ्री" असं मॅनेजर म्हणाले. परतावा काढला तर येतो सव्वापाच टक्के. रुपया गेल्या दहाएक वर्षांत डॉलरपुढे वर्षाला साधारण तीन टक्क्यांनी घसरलाय, म्हणजे तुमच्या हातात दोन टक्के. टॅक्स फ्री असेल तो भारतात. अमेरिका ती सवलत मानत नाही, उलट परदेशी विमा कंपनीला भरलेल्या प्रीमियमवर एक टक्का एक्साइज मागते. विमा किती, तर २० लाख, म्हणजे २२ हजार डॉलर. ३ लाख ४० हजारांच्या कर्जापुढे.

तीन हप्ते गेलेत, चौथा भरू नका. पण रागाच्या भरात सरेंडरही नको. आता मोडली तर भरलेल्या ६ लाखांच्या हमीचे ३५ टक्के, सुमारे २ लाख १० हजार मिळतील. पेड-अप केली (हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) तर तीन-दशांश, म्हणजे शेवटी साधारण १३ लाख ५० हजार. २ लाख १० हजारांचे १७ वर्षांत तेवढे करायला साडेअकरा टक्क्यांहून जास्त मिळवावे लागतील. पॉलिसीच्या कागदावर हे दोन आकडे ताडून बघा आणि पेड-अप करून टाका. त्या पैशातून प्लेनोतच १० लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म विमा घ्या. तब्येत ठीक असेल तर महिना ७० ते १०० डॉलर.

आता जेट. दोन मीटरची कंपोझिट एअरफ्रेम २,२००, १०० न्यूटनचं टर्बाइन २,३००, ब्रेकसह रिट्रॅक्ट (आत मिटणारी चाकं) ६००, नऊ सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या मोटर) ६५०, रिसीव्हर, जायरो, दुहेरी बॅटरी ५००. या मोठ्या वस्तूंचेच ६,२५० झाले. त्यात बबल ट्रॅप (इंधनातले बुडबुडे अडवणारी छोटी टाकी) नाही, इंधन भरायचा पंप आणि कॅन नाही, सीओटू एक्स्टिंग्विशर नाही, आणि १२ किलोचं विमान मैदानावर न्यायची सोय नाही. १० हजार धरा.

इंधनाची काळजी करू नका. उड्डाणाला दोन-अडीच लिटर केरोसिन आणि त्यात ५ टक्के तेल, म्हणजे चार-पाच डॉलर. खिसा रिकामा होतो तो विमान पडल्यावर. टाकीतला एक बुडबुडा पंपापर्यंत पोचला की फ्लेमआउट, म्हणजे इंजिन विझतं, आणि १२ किलोचं जेट इंजिनाशिवाय फार लांब तरंगत नाही. म्हणून ट्रॅपवर कंजूषपणा नको. दोन वर्षांनी ८० टक्के परत मिळतील हे विसरा. न पडलेलं विमान अर्ध्या किमतीला गेलं तरी नशीब समजा. हिशेबात मात्र शून्य धरा.

वापरलेलं टर्बाइन चालेल, पण ईसीयूमधले (टर्बाइनच्या नियंत्रकातले) एकूण तास, सुरू करण्याच्या वेळा आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख डोळ्यांनी बघूनच. बऱ्याच टर्बाइनची सर्व्हिस २५ किंवा ५० तासांनी येते. ४५ तास झालेलं घेतलंत तर चार-पाचशे डॉलर किमतीतून कापून मागा. वापरलेली एअरफ्रेम घेताना रिट्रॅक्ट काढून खालची प्लायची पाटी बघा, पहिली चीर तिथेच पडते. सर्व्हो नवेच.

विमा: एएमएच्या (मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या) सदस्यत्वात २५ लाख डॉलरचं दायित्वाचं संरक्षण येतं, पण ते घराच्या पॉलिसीनंतर उभं राहतं. घराच्या कंपनीकडून मॉडेल विमानं वगळलेली नाहीत असं लेखी मागवा. मित्राच्या शेतातून उडवायचा तुमचा बेत सोडा. एएमएचं टर्बाइन वेव्हर (टर्बाइन उडवायची परवानगी) लागतं, ताशी २०० मैलांची मर्यादा आहे, आणि नियम मोडून उडवलं तर विम्यावर भरवसा ठेवता येणार नाही. क्लबचं मैदान फ्रिया (सरकारनं सूट दिलेली जागा) असेल तर रिमोट आयडीचीही, म्हणजे उडताना विमानाची ओळख रेडिओवर पाठवत राहायची, कटकट नाही.

पैशाची रांग अशी: महिन्याचे २ हजार पहिले पाच महिने वकील आणि दंडाला, पुढचे पाच जेटला. तोवर ट्रान्समीटरमध्ये इलेक्ट्रिक जेटच्या थ्रॉटल चॅनेलचा वेग कमी करा, शून्यापासून पूर्ण जायला चार सेकंद लागतील इतका. टर्बाइन साधारण तेवढाच वेळ घेतं. आयडलवर रेंगाळत धावपट्टीकडे येताना विमान खाली बसू लागलं की मग थ्रॉटल द्यायची तुमची सवय या सेटिंगवर दहा लँडिंगांत सुटेल, आणि मोडलाच तर फोमचा पंख मोडेल.