संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा

ताई, खानापूर तालुक्यातल्या नंदगडजवळच्या गावात एकटी राहणारी ७८ वर्षांची आई, मधुमेह, एकदा न्हाणीघरात पडलेली, तुम्ही पुण्यात. बेळगावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं का आणि तिथं नक्की काय मिळतं, असं विचारलंय तुम्ही. माझी आत्या मराठी शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं नव्हतं. शेवटची चार वर्षं ती अशाच दोन ठिकाणी होती आणि मी टिळकवाडीतून आठवड्याला दोनदा जायची. त्यावरून सांगते.

खोली, बाग, देवघर हे सगळं सकाळी अकराला छानच दिसतं. तुम्ही संध्याकाळी सातला जा. पहिल्या ठिकाणी रात्रीचं जेवण सातला आटपायचं आणि नाष्टा सकाळी साडेआठला. मध्ये साडेतेरा तास! आत्याला संध्याकाळचं इन्सुलिन होतं. दोनदा ती पहाटे साखर उतरून घामाघूम होऊन पडली, तेव्हा कुठं आम्हाला उमगलं. ठिकाण बदललं. दुसरीकडं साडेनऊला कपभर दूध आणि दोन बिस्किटं मिळायची, एवढ्यावर तो त्रास थांबला. रात्री किती माणसांमागं किती बायका जाग्या असतात, बेल दाबली तर कोण येतं, हे तिथंच उभं राहून बघा.

आता भाषेचं. सेवेला येणाऱ्या पोरी बहुतेक गोकाक, बैलहोंगलकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. मनानं फार चांगल्या. "ऊट आतेन्री आज्जी?" (जेवण झालं का आजी?) म्हणून रोज विचारायच्या आणि आत्याही झकास उत्तर द्यायची. जन्म बेळगावात गेलेला, कन्नड यायचंच. पण विसरभोळेपणा वाढला तशी कन्नड आधी गेली, मराठी तेवढी उरली. एकदा पोटावर हात ठेवून "ढवळतंय गं" म्हणत होती. पोरीला वाटलं भूक लागली, तिनं उप्पीट आणून दिलं. मग मी वीस-पंचवीस शब्द (ढवळतंय, चक्कर, कळ, लघवी, थंडी वाजतीय) कन्नड लिपीत लिहून पुढं अर्थ घातला आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चार वर्षांत मी केलेलं सगळ्यात कामाचं काम तेच.

जेवणात भाकरी आहे का, आणि कवळी नसेल तर ती दुधात कुस्करून देतात का, विचारा. खानापूरकडच्या बाईला उकड्या तांदळाची पेज नसली की आजारी असल्यासारखं वाटतं. वाचायची सवय असेल तर 'तरुण भारत' रोज यायला हवा. बाकी भजन, वाढदिवस, सहल हे फोटोपुरतं जास्त असतं, त्यावर भुलू नका. पावसाळ्याचं मात्र नक्की विचारा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर सोलरचं पाणी कोमट म्हणायचं एवढंच. गिझर किंवा बंब नसेल तर आंघोळ पुसण्यावर भागवतात. कपडेही वाळत नाहीत, दोन जोड जास्त द्या.

पैशांत महिन्याच्या आकड्यापेक्षा त्यात काय धरलेलं नाही ते लिहून घ्या: डायपर, औषधं, डॉक्टरची फी, रुग्णवाहिका, दवाखान्यात सोबत बसणारी बाई. डिपॉझिट परत मिळतं का, तेही कागदावर. कागद कन्नडमध्ये असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नको. पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याला मदत करतात का बघा. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, पण आता मोबाइलवर चेहऱ्यावरूनही दाखला होतो.

तुमचा भाऊ म्हणतो, आधी घर माझ्या नावावर करू, मग मी तिचा खर्च बघतो. घाई करू नका. करायचंच झालं तर आईचा सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट घाला. मग त्यानं हात वर केले, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करायला प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. आणि १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आत्याचा तो कागद अजून माझ्याकडं आहे. आई दुखणं-खुपणं कुठल्या शब्दांत सांगते ते कळवा, तसा नवा लिहून देते.