एमजीबीच्या दाराची काच: रेग्युलेटरवर खापर फोडण्याआधी

काच अर्ध्यावर आली की पुढे झुकते, मग अडकते, आणि नवा रेग्युलेटर (हँडल फिरवलं की काच वरखाली करणारी यंत्रणा) टाकूनही तेच. तुमच्या पोस्टमध्ये हे वाचलं आणि हसूच आलं. माझीही एमजीबी रोडस्टर (एमजीची जुनी, उघडता येणाऱ्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), मीही आधी रेग्युलेटरच बदलला होता. जुना बिचारा ठणठणीत होता.

दाराचं पॅनेल तुम्ही एकदा उघडलंच आहे, त्यामुळे ते सांगत नाही. आता हँडल हळूहळू फिरवत टॉर्चने आत बघा. काचेची खालची कड एका लोखंडी चॅनेलमध्ये रबराची पट्टी घालून घट्ट बसवलेली असते आणि रेग्युलेटर त्या चॅनेलला उचलतो. काच धरून पुढेमागे हलवा. चॅनेल जागेवर आणि काच हलतेय, तर रबर गेलंय. चॅनेल काचेवर थोडं जरी सरकलं, तरी जोर एका बाजूला जातो आणि काच तिरकी चढते. माझं नेमकं हेच झालं होतं.

आणि इथेच मी माती खाल्ली. चॅनेल काचेच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर आहे, हे न मोजताच ओढून काढलं. वाटलं, बसवताना कळेलच. कसलं कळतंय! अंदाजाने बसवलं तर काच आणखीच तिरकी. पुन्हा काढलं. नवं रबर जुन्यापेक्षा जाड, चॅनेल शेवटचं बोटभर चढेना, म्हणून हातोडीने एक हलका ठोका दिला. खरंच हलका. पण ही काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. वरचा थर दाबाखाली, आतला ताणाखाली, आणि कड तिची सगळ्यात नाजूक जागा. क्षणात मांडीवर साखरेच्या खड्यांसारखा ढीग.

पुढचा मनस्ताप तर विचारूच नका. एका विक्रेत्याने (नाव घेत नाही) रोडस्टरऐवजी जीटीची काच पाठवली. जीटीचं छप्पर बंद, काच उंच, दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. हे कळवलं तर उत्तर, "एमजीबीची काच ती एमजीबीची काच." आणि वर, काचेचा माल परत घेत नाही. बरं, टफन्ड काच कापताही येत नाही. ती अजून माझ्या माळ्यावर उभी आहे. म्हणून सांगतो, ऑर्डर देताना मॉडेल, वर्ष, चॅसी नंबर आणि डावं दार की उजवं, सगळं लेखी द्या. ही गाडी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनत होती आणि मधे बरंच काही बदलत गेलं.

तर चॅनेल काढण्याआधी काचेवर चिकटपट्टी लावून दोन्ही टोकांना मार्करने खूण करा, फोटोही काढा. नवं रबर साबणाच्या पाण्यात भिजवा, चॅनेलखाली लाकडाचा ठोकळा धरा आणि अंगाच्या भाराने दाबत न्या. हातोडी त्या खोलीतच नको. चष्मा आणि हातमोजे घाला. मी घातले नव्हते.

पुढची तिकोनी काच ज्या चौकटीत आहे, तिचाच खालचा पाय मोठ्या काचेची सरकायची पुढची वाट असतो. त्यामुळे तिचे बोल्ट आधी नुसते हाताने लावा, काच पूर्ण वर न्या, छत चढवून बघा, मग आवळा. मी आधी आवळून नंतर काच चढवायचो आणि शिव्या रेग्युलेटरला द्यायचो.

मी मेकॅनिक नाही, तुमच्या दाराला आधी कुणी हात लावला असेल तर मापं वेगळीही निघतील. काचेच्या वाटेतल्या फेल्टला (मऊ कापडी पट्टीला) ग्रीस मात्र लावू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. ग्रीस फक्त रेग्युलेटरच्या दात्यांना. आणि दार उघडलंच आहे तर तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून घ्या, माझ्या दारातून मूठभर गंजाचा भुगा निघाला होता.

खूण केल्यावर फोटो टाका, चॅनेल ओढायच्या आधी.