शेणखत घालूनही पाणी वाहून का जातं?

प्रश्न : ताई, आमच्या जमिनीत एका जोरदार सरीत वरून चिखल होतो, गढूळ पाणी वाहून जातं आणि पाचव्या दिवशी भेगा पडतात. ‘सेंद्रिय कर्ब (शेणखत, पालापाचोळा कुजून मातीत राहणारा कार्बन) एक टक्क्याने वाढवा, एकरी लाखो लिटर पाणी साठेल’ असं ऐकून तीन वर्षं शेणखत घालतोय. दरवर्षी खोल नांगरून ते नीट मिसळतोही. फरक शून्य. कुठं चुकतंय?

उत्तर : चूक तुमच्याच एका वाक्यात आहे, तिकडे येतेच. आधी तो लाखांचा हिशेब. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरची मोजमापं एकत्र करून पाहिली. कर्ब एक टक्क्याने वाढला, की दर १० सेंटिमीटर थरात पिकाला मिळणारं पाणी सरासरी जेमतेम १.१६ मिलिमीटरने वाढतं. वरचा फूटभर थर धरला तर एकरी साधारण १४ हजार लिटर. तेवढ्यासाठी एकरी १५-१६ टन कर्ब मातीत टिकवावा लागतो. शेणखत नव्हे, नुसता कर्ब!

आता दुसरा हिशेब. ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि निम्मा वाहून गेला, तर एकरी एक लाख लिटर गेले. एका दुपारीत. म्हणून माती किती पाणी धरते यापेक्षा किती आत घेते, हे मी आधी बघते.

एक करून बघा. शेतातलं सुपारीएवढं ढेकूळ घ्या, आणि बांधावरच्या, कधी न नांगरलेल्या गवताखालचं दुसरं. दोन्ही सावलीत खडखडीत वाळवा आणि चहाच्या गाळण्यांत ठेवून पाण्याच्या दोन ग्लासांत बुडवा. नांगरटीच्या मातीतून बुडबुडे येतात आणि पाचेक मिनिटांत तळाशी पिठाचा गाळ. गवताखालचं ढेकूळ तासाभरानंतरही बहुतेक तसंच, पाणी नितळ. माती एकाच जातीची! फरक आहे तो बुरशीच्या तंतूंचा आणि मुळांमधून झिरपणाऱ्या चिकट द्रवाचा. कण बांधून ठेवतात ते हेच. आणि तुमची चूक इथेच : दरवर्षीचा खोल नांगर तंतू तोडतो, आत हवा खेळते आणि जिवाणू तो डिंक खाऊन टाकतात. मग सेकंदाला ८-९ मीटर वेगाने आदळणारे मोठे थेंब ढेकळं फोडतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि पपडी धरते. तुमचं शेणखत खाली आणि दार वरून बंद.

हसू नका, मीही हे केलंय. वाफा रवाळ हवा म्हणून माती चाळल्यासारखी बारीक केली. पहिल्याच सरीनंतर खापरासारखी पपडी. अंकुर तिचे तुकडे टोपीसारखे डोक्यावर घेऊन उभे होते.

तेव्हा यंदा शेणखत वरच पसरा, त्यावर पिकाचे अवशेष अंथरा आणि दोन पिकांच्या मध्ये रान उघडं ठेवू नका. काहीतरी मुळं जिवंत हवीत. पहिली दोन वर्षं तण छळेल, हे आधीच सांगते. एक अपवाद : ओल असताना टोकदार सळई वीतभर खाली अडत असेल, तर तिथे कडक थर आहे. तो एकदा फोडून घ्या, आणि मग नांगरणी थांबवा.

माती पाणी किती लवकर आत घेते हे मोजायचं असेल तर १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा डबा जमिनीत अर्धा ठोकून त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओता. ते मुरल्यावर पुन्हा तेवढंच ओता आणि या दुसऱ्या खेपेची वेळ लिहून ठेवा. पहिली फसवते, कारण कोरडी माती अधाशासारखं पिते.

प्रश्न : रान हिरवं ठेवलं तर पाऊस वाढेल का?

उत्तर : तुमच्या एकट्याच्या रानाने नाही. जगाचा विचार केला तर जमिनीवर पडणाऱ्या पावसातलं सुमारे ४० टक्के बाष्प जमिनीवरूनच उठलेलं असतं, पण ते वाऱ्याबरोबर कितीतरी लांब जाऊन बरसतं. तुमच्या वाट्याला येतो तो गारवा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या भाषेत सुमारे पाऊण युनिट उष्णता लागते. पानांनी दिवसात एक मिलिमीटर पाणी सोडलं, तरी एकरी चार हजार लिटर होतात. ती उष्णता उघड्या रानात माती आणि हवा तापवण्यात जाते.