आकडा सोड, मेंटेनर बघ

अरे, कुठलं लिनक्स घ्यावं म्हणून केलेली तुझी डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांची, ती शीट बघितली, मेहनत भरपूर घेतलीयस, पण पहिलाच कॉलम ‘एकूण पॅकेजेस’ (डिस्ट्रोत मिळणारे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आणि त्यावरच सॉर्ट मारलंयस म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. डेबियन १३ मध्ये ६९,८३० च्या वर, निक्स लाखाच्या पुढे, मग आर्च एवढंसं कसं, म्हणून तू आठवडाभर अडकून बसलायस.

बाबा रे, मोजायची पद्धतच वेगळी आहे. डेबियनवाले एका लायब्ररीचे (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडचे) भाग पाडतात, प्रोग्रामरसाठीचं डेव्ह वेगळं, माहितीचं डॉक वेगळं, आर्चवाले बहुतेक वेळा सगळं एकातच देतात. एका कांद्याचे चार तुकडे केले म्हणून चार कांदे होतात का? आणि निक्सच्या आकड्यात पायथन, हॅस्केल अशा प्रोग्रामिंगच्या भाषांच्या लायब्रऱ्यांची अख्खी फौज धरलेली असते, त्यातलं तू काय काय लावणारेस?

तुला काय हवंय ते तूच लिहिलंयस: फायरफॉक्स, लिबरऑफिस, चित्रं काढायला क्रिटा, कोड लिहायला व्हीएस कोड आणि आईसाठी मराठी टायपिंग. यातला व्हीएस कोड डेबियनच्या त्या सत्तर हजारांत नाहीच, मायक्रोसॉफ्टच्या रेपोतून, म्हणजे त्यांच्या पॅकेजांच्या साठ्यातून, घ्यावा लागतो. बाकीचं कुठल्याही मोठ्या डिस्ट्रोत मिळतं. मग आकड्याचं काय लोणचं घालायचंय?

बघायचं ते हे की पॅकेज सांभाळतंय कोण. डेबियनवर टर्मिनल उघड, ‘एपीटी शो’ (apt show) आणि पुढे पॅकेजचं नाव टाक, मेंटेनरची, म्हणजे सांभाळणाऱ्याच्या नावाची, ओळ वाच. तिथे ‘डेबियन क्यूए ग्रुप’ दिसलं तर समज की ते पॅकेज अनाथ आहे, कुणी वाली नाही. उबुंटूत पॅकेजांचा ‘मेन’ विभाग त्यांची कंपनी कॅनॉनिकल सांभाळते, ‘युनिव्हर्स’ विभाग कम्युनिटीवर, तिथले जास्तीचे सिक्युरिटी अपडेट हवे तर उबुंटू प्रो लावावं लागतं, घरगुती वापराला पाच मशिनपर्यंत फुकट आहे. आणि एयूआर म्हणजे आर्चचा अधिकृत रेपो नव्हे रे, वापरणाऱ्यांनीच भरलेला साठा, तिथे कुणीही पॅकेज बनवायची स्क्रिप्ट टाकू शकतो. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या नावाने तिथे मालवेअर टाकलेलं सापडलं होतं. पॅकेज होतं, आकड्यातही धरलं गेलं असेल. सांभाळत कोण होतं?

ऑफिसात पोरं हसतात मला, काका अजून डेबियन स्टेबलवर, सगळी व्हर्जन्स जुनी. हसू देत. सकाळी ठाण्याहून उभ्याने प्रवास करून आल्यावर मला मशिन चालू करून काम करायचं असतं, अपडेटने काय मोडलं ते शोधत बसायचं नसतं. एखादं अ‍ॅप नवंच पाहिजे असेल तर फ्लॅटहब नावाच्या, कुठल्याही डिस्ट्रोला चालणाऱ्या स्टोअरवरून घेतो, आणि तिथेही मूळ बनवणाऱ्यानेच टाकल्याची ‘व्हेरिफाइड’ खूण बघूनच. हा हट्ट म्हण हवं तर, पण दुसऱ्याच्या फुकटच्या मेहनतीवर आपलं पोट चालतं तर निदान सांभाळणारा माणूस जागेवर आहे की नाही एवढं तरी बघावं ना.

खरं सांगू, एवढी वर्षं वापरलं पण स्वतः एक पॅकेज सांभाळायला घेतलं नाही, लोकल, ईएमआय, पोरीची शाळा, नंतर बघू म्हणत राहिलो, ते मनाला लागतं. तुला वेळ आहे, वय आहे. ते मराठीच्या फाँटचं किंवा कीबोर्डचं एखादं पॅकेज बघ, कुणाला मदत हवीय का विचार.

आणि हो, फेडोरा घेतलंस तरी मी रागावणार नाही. फक्त व्हिडिओ चालेना म्हणून रात्री अकराला फोन करू नकोस, पेटंटच्या भानगडीमुळे काही कोडेक, म्हणजे व्हिडिओ चालवायला लागणारे तुकडे, ते देत नाहीत, ते देणारा आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा रेपो आधीच जोडून घे.