मुलीला बॅलेसाठी जर्मनीला पाठवण्यापूर्वी

ताई, तुमची पंधरा वर्षांची मुलगी सात वर्षे मुंबईत बॅले शिकली आहे, जर्मनीतल्या एका शाळेने तिला व्यावसायिक प्रशिक्षणासाठी निवडले आहे, आणि दहावी झाल्यावर तिला एकटीला पाठवावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, विमा, वसतिगृहाचे शुल्क यांची माहिती दूतावास आणि शाळा देतीलच. त्यात मी शिरत नाही. २००१ मध्ये, सोळाव्या वर्षी, मी दादरहून अशीच एकटी आले. तीन वर्षे शाळेत आणि नंतर बारा वर्षे दोन नाट्यगृहांच्या नृत्यसंघांत नाचले. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन रात्री नीट झोप लागलेली नाही, म्हणून उत्तर लांबले तर समजून घ्या.

बोटे सोलवटतात, नखे काळी पडून गळतात, हे तुमच्या मुलीला आताच ठाऊक असेल. पॉइंट शूजचा, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहायच्या बुटांचा, पुढचा कडक भाग कापड, कागद आणि खळ यांच्या थरांचा असतो. घामाने तो मऊ पडतो आणि मोठ्या भूमिकेत एका प्रयोगात एक जोड संपतो. खरी झीज मात्र वर, सांध्यांत होते. बॅलेत पाय मांडीपासून बाहेर वळवून नाचावे लागते. मांडीचा सांधा ज्याचा जितका बाहेर वळतो तितकाच वळतो, आणि उरलेले अंतर मुली गुडघा व घोटा पिळून भरून काढतात. ‘स्वान लेक’ या हंसिणींच्या बॅलेमध्ये तळ्याकाठी नायक-नायिकेचे संथ युगुलनृत्य चालू असताना आम्ही हंसिणी दोन्ही बाजूंना रांगेने, एका पायावर भार देऊन निश्चल उभ्या असायचो. मला उड्यांपेक्षा ते उभे राहणे जड जाई. पोटरीत गोळा यायचा, नाकावरून घाम ओघळायचा, पण एक हलली की सगळी रांग बिघडलेली दिसते, म्हणून कोणी हलत नसे.

न हलण्याची ही सवय रंगमंचाबाहेरही लागते. २००७ च्या डिसेंबरात ‘नटक्रॅकर’ या बॅलेचे प्रयोग चालू असताना माझ्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या हाडाला तडा गेला. बॅले नाचणाऱ्यांना हे हाड चांगले परिचयाचे असते, कारण चवड्यावर उभे राहताना मोठा भार तिथून जातो. मी पायाला पट्टी बांधून, गोळ्या घेऊन आणखी अकरा प्रयोग केले आणि मगच एक्स-रे काढला. जागा रिकामी झाली की दुसरी मुलगी तयार असते, हे एक कारण होते. दुसरे कारण घरचे होते. बाबांनी माझ्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढले होते. दर रविवारी आईचा फोन यायचा, ती ‘जेवलीस का?’ विचारायची, मी ‘हो’ म्हणायचे, आणि पाय बर्फाच्या बादलीत असायचा.

आणि ते ‘हो’ नेहमी खरे नसे. शाळेत दर सोमवारी आमचे वजन होत असे. सतराव्या वर्षापासून जवळजवळ दोन वर्षे माझी पाळी बंद होती आणि ती कोणालाच काळजीची गोष्ट वाटली नाही; आम्हा मुलींना तर ती सोय वाटायची. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, हे पुढे एका डॉक्टरीणबाईंनी समजावले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावही दिले. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या बॅले अकादमीची चौकशी झाली. मुलांना बारीक राहण्यासाठी सिगारेट ओढण्याचा सल्ला दिला जात असे, हे त्या अहवालात आले. तो वृत्तान्त वाचून मी स्वयंपाकघरात बसून खूप वेळ रडले. तेव्हा शाळा निवडताना वजन कोण घेते, पाळी थांबली तर कोण विचारते, हे तोंडावर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एकटेपणाविषयी तुम्ही तीनदा विचारले आहे. तो येतो आणि काही महिन्यांनी सरावाचा होतो. त्याची एवढी धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायचीच तर कागदांची घ्या. इथल्या नाट्यगृहांत करार बहुधा एकेका हंगामाचा असतो, आणि तो पुढे वाढणार नसेल तर साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवतात. नवा बॅले दिग्दर्शक आला की तो आपले नर्तक आणतो. २०१५ च्या ऑक्टोबरात मला असे पत्र मिळाले तेव्हा मी तीस वर्षांची होते, आणि माझ्याकडे शिक्षण म्हणाल तर दहावी. फिजिओथेरपी शिकायचे ठरवले, तर ती दहावी इथल्या कोणत्या प्रमाणपत्राच्या तोडीची, हे ठरायलाच अकरा महिने गेले. शाळा सोडल्याच्या मराठी दाखल्यावर वडिलांचे नाव होते, गुणपत्रिकेवर आईचे आणि पासपोर्टवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे. तिन्ही माणसे एकच, हे सिद्ध करायला मी खिडकीपुढे नंबर लावून बसायचे. बारा वर्षे हजारो लोकांपुढे नाचलेले त्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. ते मला अजून खुपते. तुमच्या मुलीची बारावी सुटू देऊ नका, मुक्त विद्यालयातून का होईना; आणि सगळ्या कागदांवरचे नाव आत्ताच एकसारखे करून घ्या.

तिला अडवा, असे मी म्हणणार नाही. मला कोणी अडवले असते तर मी त्यांना माफ केले नसते. फक्त रविवारी ‘जेवलीस का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘आज कुठे दुखतंय?’ असे विचारा, आणि पैशांचा विषय त्या फोनवर काढू नका. माझ्या आईला त्या डिसेंबराविषयी मी आजपर्यंत सांगितलेले नाही. गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा चाळीचा जिना उतरताना मी कठडा धरून एकेक पायरी उतरते, हे तिने पाहिले. काही न बोलता तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ती पुढे चालू लागली.

मुलगी इकडे आली तर तिला माझा नंबर द्या. तुम्हाला सांगवणार नाही असे काही झाले, तर ते तिने निदान मला सांगावे.